‘पण यात घडतं काय?’ – ‘लॉस्ट इन ट्रान्सलेशन’ सोप्या भाषेत

एकटेपणा हा आता सरकारी कामकाजाचा विषय झालाय. जपानने फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यासाठी वेगळा मंत्री नेमला आणि एप्रिल २०२४ पासून तिथे याबद्दलचा कायदाही लागू झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने २०२५ मध्ये अहवाल दिला, त्यात जगातला सहापैकी एक माणूस एकटेपणाने ग्रासलेला असल्याचं म्हटलंय. अशी बातमी आली आणि गप्पांमध्ये सिनेमाचा विषय निघाला, की कोणीतरी ‘लॉस्ट इन ट्रान्सलेशन’चं नाव घेतंच. मग ज्यांनी तो पाहिलेला नसतो ते शनिवारी रात्री लावतात आणि रविवारी विचारतात, “पाहिला. बरा आहे. पण यात घडतं काय?”

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर देता येतं, आणि त्यासाठी सिनेमाचा अभ्यासक असावं लागत नाही.

आधी गोष्ट, शेवटासकट

शेवट आधी कळल्याने या सिनेमाचं काही बिघडत नाही, म्हणून सगळंच सांगून टाकू.

बॉब हॅरिस हा पन्नाशीतला अमेरिकन नट, उतरणीला लागलेला. व्हिस्कीच्या जाहिरातीसाठी तो टोकियोला आलाय. वीस लाख डॉलर मिळणार आहेत आणि त्याला त्याचीच लाज वाटतेय. त्याच हॉटेलात शार्लट आहे. येल विद्यापीठातून तत्त्वज्ञान शिकून नुकतीच बाहेर पडलेली, लग्नाला दोन वर्षं झालेली. नवरा फोटोग्राफर आहे आणि दिवसभर कामावर असतो. दोघांनाही झोप लागत नाही. हॉटेलच्या बारमध्ये ओळख होते. मग काही दिवस एकत्र भटकणं, कराओके, रात्री जागून टीव्ही बघणं. मध्येच एक चूक, एक रुसवा. बॉबची जायची वेळ येते, हॉटेलच्या लॉबीतला निरोप अगदीच अवघडलेला होतो. विमानतळाकडे जाताना त्याला ती गर्दीत दिसते. तो गाडी थांबवतो, तिला मिठी मारतो आणि कानात काहीतरी बोलतो. काय बोलतो ते आपल्याला ऐकू येत नाही. तो निघून जातो. संपलं.

सोफिया कोपोला यांनी लिहिलेला आणि दिग्दर्शित केलेला हा सिनेमा २००३ मध्ये आला. बॉब म्हणजे बिल मरी, शार्लट म्हणजे स्कार्लेट जोहान्सन. लांबी १०२ मिनिटं. चित्रीकरण २७ दिवसांत उरकलं, खर्च ४० लाख डॉलरच्या आसपास, म्हणजे हॉलिवूडच्या हिशेबात किरकोळच. जगभरातली कमाई ११ कोटी डॉलरच्या वर गेली. आणि ज्यात ‘काही घडत नाही’ म्हणतात, त्या सिनेमाला २००४ चं ऑस्कर मिळालं ते चक्क मूळ पटकथेसाठी.

ती पटकथा जेमतेम ७५ पानांची होती. हॉलिवूडमध्ये ढोबळ हिशेब असतो, एक पान म्हणजे पडद्यावरचं एक मिनिट. या हिशेबाने जवळजवळ अर्धा तास असा आहे जो कागदावर नव्हताच. तो अर्धा तास कशाने भरलाय हे दिसायला लागलं की सिनेमा उलगडतो.

‘काही घडत नाही’ म्हणजे नेमकं काय घडत नाही?

आपल्या सवयीचा सिनेमा असा चालतो: नायकाला काहीतरी हवं असतं, वाटेत अडथळा येतो, तो झगडतो, शेवटी ते मिळतं किंवा हुकतं. यालाच कथानक म्हणायचं. प्रत्येक प्रसंगाने पुढच्या प्रसंगाला ढकलायचं असतं.

इथे बॉबला काय हवंय हे त्याला सांगता येणार नाही, शार्लटलाही नाही. त्यामुळे प्रसंग एकमेकांना ढकलत नाहीत, एकमेकांच्या शेजारी येऊन बसतात. बदलते ती परिस्थिती नव्हे, माणसांची अवस्था. सुरुवातीला बॉब गाडीच्या काचेला डोकं टेकवून पेंगतोय, बाहेर निऑनच्या पाट्या सरकतायत आणि मध्येच एका पाटीवर त्याला स्वतःचाच चेहरा दिसतो. शेवटीही तो गाडीतच आहे, शहरही तेच. मधल्या काळात त्याची नोकरी, लग्न, वय, काहीच बदललेलं नाही. पण आता तो खिडकीतून बाहेर बघतोय.

मग १०२ मिनिटं आपल्याला धरून कशी ठेवली? माझ्या मते, एका साध्या युक्तीने. हा सिनेमा गोष्टी द्यायच्या टाळतो. बॉबची बायको एकदाही दिसत नाही. दोघांचा भूतकाळ दाखवत नाहीत. जपानी संवादांचा अर्थ देत नाहीत. शेवटची कुजबूज तर नाहीच नाही. जे आपल्याकडून काढून घेतलंय, नेमकं त्याच्यावाचून ही पात्रं जगतायत. प्रेक्षकाला चुकल्यासारखं वाटतं, कंटाळा येतो, काहीतरी निसटतंय असं वाटत राहतं, ते मुद्दाम घडवलेलं आहे.

चोहीकडे माणसं, तरी एकटेपणा?

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइस यांनी १९७३ मध्ये एकटेपणाचे दोन प्रकार वेगळे केले. एक सामाजिक: आजूबाजूला ओळखीची माणसं, गोतावळा नसणं. दुसरा भावनिक: गोतावळा असेल, पण ज्याच्यापाशी मन मोकळं करावं असं जवळचं कोणी नसणं. पहिल्यावर नवे मित्र, मंडळं, कार्यक्रम असे उपाय चालतात. दुसऱ्यावर ते चालत नाहीत, उलट गर्दीत तो जास्तच जाणवतो.

बॉब आणि शार्लटचा आजार दुसरा आहे. दोघं विवाहित आहेत, दिमतीला माणसं आहेत. बॉब हॉटेलात पोचतो तेव्हा स्वागताला रांग उभी असते, भेटवस्तू, व्हिजिटिंग कार्डं, सगळं यथासांग. त्याच वेळी हातात बायकोचा निरोप पडतो: मुलाचा वाढदिवस विसरलास.

हा आजार सिनेमाने फोनवरच्या संभाषणांतून दाखवलाय. त्यातला शार्लटचा फोन नीट ऐका. ती एका देवळात जाऊन आलीय, भिक्षूंचं मंत्रपठण ऐकून आलीय आणि आपल्याला काहीच वाटलं नाही या विचाराने घाबरलीय. खोलीत येऊन ती अमेरिकेतल्या मैत्रिणीला फोन लावते. रडत रडत सांगायला लागते, तेवढ्यात मैत्रीण म्हणते, जरा थांब हं, आलेच. परत येऊन विचारते, हां, काय म्हणत होतीस? शार्लट म्हणते, काही नाही. मैत्रीण वाईट नाही. तिच्या घरात काहीतरी चाललंय, एवढंच. पण सांगायचं राहिलं ते राहिलंच.

बॉबच्या फोनमध्ये विषय असतात अभ्यासिकेतले कप्पे आणि गालिच्याचा रंग. कुरिअरने गालिच्याचे नमुने येतात, सगळे त्याला सारखेच दिसतात. एका रात्री तो बायकोला सांगायचा प्रयत्न करतो की आता तब्येतीकडे बघायला हवं, जपानी खाणं खायला हवं. ती म्हणते, मग तिथेच राहा की, रोज मिळेल. हे भांडण नाही. भांडणाएवढी तरी जवळीक लागते. आज फॅक्स आणि कुरिअरच्या जागी व्हॉट्सॲप आलं, टाइल्सचे फोटो क्षणात पोचतात, पण त्या फोनवर जे बोलायचं राहतं ते अजूनही राहतंच.

पहाटे चारचा फॅक्स

टोकियोचं घड्याळ लॉस एंजेलिसच्या १६ ते १७ तास पुढे असतं. बॉबच्या खोलीत बायकोचा फॅक्स पहाटे ४ वाजून २० मिनिटांनी खडखडायला लागतो, तेव्हा अमेरिकेच्या त्या किनाऱ्यावर आदल्या दिवसाची दुपार होत आलेली असते. म्हणजे बायको दुपारच्या वेळी निवांतपणे घराचं काम उरकतेय. ती दुष्ट नाही, तिच्या घड्याळाप्रमाणे ती बरोबर वागतेय. हे लक्षात आलं की तिच्यावरचा आपला राग थोडा उतरतो. सिनेमा हे समजावून सांगायला थांबत नाही, आपण हिशेब करायचा.

जेट लॅग म्हणजे शरीराचं घड्याळ आणि भिंतीवरचं घड्याळ यांची फारकत. शरीराचं घड्याळ मेंदूत असतं, डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर. उजेड पाहून ते सरकतं, पण दिवसाला साधारण एक तास, फार तर दीड. १६ तास पुढे म्हणजे उलट बाजूने आठ तास मागे. ते जुळायला आठवडा लागतो आणि बॉबचा मुक्काम जेमतेम तेवढाच आहे. घड्याळ जुळेपर्यंत परतीचं विमान.

इथे जेट लॅगचं काम नुसता थकवा दाखवण्याचं नाही. रात्री अडीचला जागं असणाऱ्यांचं एक वेगळं छोटं जग तयार होतं आणि त्यात हे दोघं आपोआप एकाच बाजूला येतात. सगळे झोपलेत आणि आपण दोघं जागे, एवढं कारण ओळखीला पुरतं.

सबटायटल का नाहीत?

हा प्रसंग अगदी जवळून बघू, कारण सगळ्या सिनेमाची किल्ली इथे आहे.

जाहिरातीचं शूटिंग. बॉब टक्सिडो घालून खुर्चीत, हातात व्हिस्कीचा ग्लास. दिग्दर्शक तरुण, तळमळीने बोलणारा. तो जपानीत भलीमोठी सूचना देतो. दुभाषी बाई इंग्रजीत सांगतात: वळा आणि कॅमेऱ्यात बघा. बॉब विचारतो, एवढंच म्हणाला का तो? मग त्याची शंका, उजवीकडून वळू की डावीकडून? बाई हा छोटासा प्रश्न लांबलचक जपानीत विचारतात. दिग्दर्शक वैतागतो, पुन्हा भडाभडा बोलतो. उत्तर येतं: उजवीकडून, आणि जरा उत्कटतेने.

जपानी येणाऱ्यांना ठाऊक आहे की दिग्दर्शक अगदी अर्थपूर्ण बोलतोय. तो सांगतोय, तुम्ही तुमच्या अभ्यासिकेत निवांत बसलाय, टेबलावर बाटली आहे, कॅमेऱ्याकडे हळूच बघा, जुना मित्र भेटावा तसं त्याच्याशी हळुवार बोला. एका जुन्या हॉलिवूड नटाचा दाखलासुद्धा देतो. कुठल्याही नटाला उपयोगी पडावी अशी उत्तम सूचना. बॉबपर्यंत पोचतं ते ‘वळा आणि बघा’.

इथे खाली सबटायटल टाकली असती तर? आपण हसलो असतो, पण वरून, सगळं माहीत असलेल्या माणसासारखे. सबटायटल नाहीत म्हणून आपण बॉबच्या खुर्चीत बसतो. पात्राला जेवढं कळतं तेवढंच प्रेक्षकाला कळू देणं, याला सिनेमाच्या भाषेत दृष्टिकोन म्हणतात. हाच प्रसंग जपानी प्रेक्षकाला वेगळा दिसणार, हे उघड आहे. त्याला सगळं कळतं. त्याच्या दृष्टीने गोंधळ बॉबचा नाही, कामचुकार दुभाष्याचा.

जाहिरात खऱ्या कंपनीची आहे, सनटोरीची. परदेशी सिनेमावाल्यांनी जपानमध्ये येऊन अशा जाहिराती करणं ही खरीच पद्धत होती. सोफिया यांचे वडील, दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कोपोला आणि जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांनीही सनटोरीसाठी जाहिरात केली होती.

मग हे दोघं एकमेकांना का सापडतात?

कोकण रेल्वेच्या रात्रीच्या गाडीत समोरच्या बर्थवर अनोळखी माणूस असतो. आधी डबा उघडला जातो, मग पोळीभाजीची देवाणघेवाण, आणि रत्नागिरी यायच्या आत तो तुम्हाला घरी कधीच न बोललेलं काहीतरी सांगून मोकळा होतो. कारण त्याला माहीत असतं, सकाळी आपापलं स्टेशन येणार आहे. ऐकणाऱ्याचा आपल्या आयुष्याशी संबंध नाही, तो उद्या आपल्याला त्यावरून जोखणार नाही. बॉब आणि शार्लटचं नातं याच जातीचं आहे. मुदत ठरलेली आहे म्हणूनच ते मोकळं आहे.

या नात्याचा गाभा म्हणजे पलंगावरचा प्रसंग. रात्र, टीव्ही बंद, दोघं पांघरुणावरच पूर्ण कपड्यांत आडवे. कॅमेरा वरून बघतोय. शार्लट कुशीवर, पाय पोटाशी घेऊन. ती म्हणते, मी अडकलेय. हे पुढे सोपं होत जातं का? आधी तो नाही म्हणतो, मग हो म्हणतो. लग्नाबद्दल विचारते. अवघड असतं, तो म्हणतो. मुलांबद्दल म्हणतो, पहिलं मूल जन्मतं तो आयुष्यातला सगळ्यात भीतीचा दिवस, जुनं आयुष्य गेलं ते परत येत नाही. आणि मग ती चालायला बोलायला लागतात आणि त्यांच्याइतकी गोड माणसं जगात नसतात. बोलता बोलता त्याचा हात तिच्या पावलावर टेकतो. फक्त टेकतो. तू काही हाताबाहेर गेलेली नाहीस, अशा अर्थाचं एक वाक्य बोलतो. तिला झोप लागते.

मैत्रिणीचा फोन आठवा. तिथे जे वाक्य पुरं झालं नव्हतं ते इथे पुरं होतं. ऐकणाऱ्याने मध्ये उठून जायचं नाही, उपाय सुचवायचा नाही, एवढंच बॉब करतो. सिनेमातली सगळ्यात मोठी ‘घटना’ हीच, आणि ती घडताना जवळपास कोणीच हलत नाही. बघणारा त्या वेळी फोन चाळत असेल तर ती निसटणारच.

हे प्रेमप्रकरण आहे का?

हो आणि नाही. ओढ आहे, ती लपवलेली नाही. शेवटी ओठांवर ओझरतं चुंबनही आहे. पण हा सिनेमा प्रेमकथा म्हणून बघितला तर दोनदा निराशा होते: एकदा ते ‘जवळ’ येत नाहीत म्हणून आणि एकदा वयातलं अंतर खुपतं म्हणून. अंतर खुपायलाच हवं. चित्रीकरणाच्या काळात जोहान्सन १७ वर्षांच्या होत्या आणि मरी पन्नाशी ओलांडलेले. सिनेमाही ते अंतर विसरत नाही. कराओकेवरून परतताना झोपलेल्या शार्लटला बॉब उचलून खोलीत नेतो, पांघरूण घालतो, दार ओढून घेतो. त्या क्षणी तो तिचा बापच वाटतो.

आणि बॉब संत नाही. हॉटेलच्या बारमध्ये गाणाऱ्या बाईबरोबर तो एक रात्र घालवतो. सकाळी शार्लट दारात उभी आणि आतून गाण्याचा आवाज. त्यानंतरचं शाबू-शाबूचं जेवण फार बोलकं आहे. शाबू-शाबू म्हणजे मांसाच्या पातळ चकत्या टेबलावरच्या उकळत्या पाण्यात आपणच शिजवून खायच्या. दोघं जवळजवळ गप्प, बोलले तर टोमणेच. नंतर बॉब कुरकुरतो, स्वतःचं जेवण स्वतः शिजवायला लावणारं हे कसलं हॉटेल? राग जेवणावर नाहीच. समेट होतो तो हॉटेलात रात्री आगीचा भोंगा वाजतो तेव्हा. सगळे पाहुणे रात्रीच्या कपड्यांत रस्त्यावर, त्यात ही दोघं. माफी कोणी मागत नाही.

जपान्यांची टिंगल केलीय, त्याचं काय?

हा आक्षेप जुना आहे आणि त्यात तथ्य आहे. २००४ मध्ये अमेरिकेतल्या आशियाई वंशाच्या लोकांच्या एका गटाने ऑस्करच्या मतदारांना या सिनेमाला मत देऊ नका असं आवाहन केलं होतं.

दोन प्रकारचे विनोद वेगळे काढायला हवेत. लिफ्टमध्ये बॉब सगळ्यांपेक्षा हातभर उंच, शॉवर त्याच्या छातीशी येतो, व्यायामाचं यंत्र त्याला आवरेनासं होतं. इथे हसं बॉबचं होतं. तो त्या जागेत मावत नाही. हे चालतं. पण यजमानांनी बॉबच्या खोलीत पाठवलेल्या बाईचा प्रसंग, तिच्या उच्चारांवर काढलेला विनोद, हा स्वस्त आहे आणि लांबवलेलाही. तो कापला असता तर काही बिघडलं नसतं. कलाकृती आवडते म्हणून हे झाकायचं कारण नाही.

दुसऱ्या बाजूला शार्लटचे टोकियोतले मित्र आहेत, त्यांच्या घरची मैफल, कराओकेची रात्र. तिथे ही मंडळी नमुने नाहीत, यजमान आहेत. इस्पितळाच्या प्रतीक्षाकक्षात शेजारची वृद्ध व्यक्ती बॉबशी हातवारे करून बोलते, बॉबही तसेच हातवारे करतो, मागच्या दोन बायकांना हसू आवरत नाही. कोणालाच काही कळत नाही आणि कोणाचं काही अडतही नाही. शार्लट एकटीच क्योटोला जाते तो भागही असाच. नान्झेन-जी मंदिराच्या आवारात तिला लग्नाची वरात दिसते, नवरदेव वधूचा हात हातात घेतो. ती बघत राहते. एक शब्द नाही.

पंचतारांकित दुःख?

“यांना काय धाड भरलीय? शिंजुकूतल्या टॉवरचे वरचे १४ मजले असलेलं हॉटेल, बावन्नाव्या मजल्यावर बार, आणि म्हणे एकटे!” असं म्हणणारे बरेच आहेत. टोकियोच्या निशी-कासाई भागात भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे, त्यात मराठी घरंही आहेत. तिथल्या माणसाचे प्रश्न वेगळे: भाड्याचं घर, मुलांची शाळा, ऑफिसातली जपानी, व्हिसाचं नूतनीकरण. निशी-कासाई ज्या एदोगावा वॉर्डात येतं, त्याच्या स्थानिक सभागृहात पुण्यात शिकलेले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये निवडून आले. स्थलांतराची ती गोष्ट इथे नाहीच. बॉब आणि शार्लट स्थलांतरित नाहीत, पाहुणे आहेत आणि आठवड्याने परत जाणार आहेत.

तरी ते महागडं हॉटेल वायफळ नाही. पैशाने सुटणारे सगळे प्रश्न त्याने आधीच सोडवलेत. जेवण, अंथरूण, गाडी, वेळ आली की आपोआप उघडणारे पडदे. एवढं सगळं असूनही जे उरतं तेवढंच कोपोला यांना दाखवायचंय. पात्रं गरीब असती तर आपण दुःखाचं खापर परिस्थितीवर फोडून मोकळे झालो असतो.

कॅमेरा इतका साधा का वाटतो?

२००२ मध्ये डिजिटल कॅमेरे येऊ लागले होते. वडिलांनी व्हिडिओवर चित्रीकरण कर असा सल्ला दिला होता, सोफिया यांनी फिल्मच निवडली. छायालेखक लान्स अकॉर्ड यांनी कमी उजेडात चालणारी, जास्त संवेदनशील फिल्म वापरली आणि शक्य तिथे जागेवरचाच उजेड घेतला: दुकानांच्या पाट्या, बारमधले दिवे, खिडकीतून येणारा शहराचा प्रकाश. अशा फिल्मवर बारीक रवाळपणा दिसतो, त्याला ग्रेन म्हणतात. त्याने चित्र आठवणीसारखं मऊ होतं.

याचा व्यवहारात फायदा असा, की दिव्यांचा लवाजमा नको. छोटी टोळी रस्त्यावर, मेट्रोत, काही ठिकाणी परवानगीविनाही घुसून चित्रीकरण करू शकली. हॉटेलातल्या सार्वजनिक जागांमध्ये मात्र पाहुण्यांना त्रास नको म्हणून मध्यरात्र उलटून एक-दोन वाजल्यावरच काम करता यायचं. पडद्यावरची ती रिकामी, पेंगुळलेली शांतता काही प्रमाणात खरीच आहे.

आवाजाकडेही लक्ष द्या. खोलीत असताना फक्त यंत्रांची हलकी घरघर येते. काचेपलीकडे लाखो दिवे दिसतात, पण शहराचा आवाज नाही. शार्लट रस्त्यावर उतरली की खेळघरांचा, पाट्यांचा, सिग्नलचा गलका एकदम अंगावर येतो.

शेवटी तो कानात काय म्हणाला?

हा संवाद पटकथेत नव्हता. तिथे काहीतरी लिहायचा विचार होता, मग कोपोला यांनी तो त्या दोघांमध्येच राहू दिला. इंटरनेटवर आवाज वाढवून, गाळून ‘खरं वाक्य’ शोधल्याचे दावे भरपूर आहेत. ते बघायला हरकत नाही, पण त्यातून काही हाती लागत नाही. सुरुवातीला आपल्याला जपानी कळत नव्हतं आणि आपण बॉबच्या बाजूला होतो. इथे भाषा इंग्रजी आहे, कळण्यासारखी आहे, तरी ती आपल्यासाठी नाही. या वेळी आपण बाहेर उभे आहोत. दोघांमध्ये काहीतरी असं आहे जे तिसऱ्याचं नाही, हे पटवायला याहून चांगला उपाय नव्हता.

बघताना एवढं सांभाळा

रात्री दहानंतर, खोलीतले दिवे बंद करून बघा. दुपारी उजेडात टीव्हीवर बघितला तर अंधारातले अर्धे प्रसंग नुसते काळपट दिसतात.

टीव्हीच्या सेटिंगमध्ये चित्र गुळगुळीत करणारी सोय असते, मोशन स्मूदिंग किंवा कंपनीने दिलेल्या अशाच कुठल्या नावाने. ती बंद करा, रवाळ चित्र स्वच्छ करणारी नॉइज रिडक्शनही बंद करा. नाहीतर ग्रेन पुसला जातो, चेहरे मेणाचे दिसतात आणि सिनेमा मालिकेसारखा भासतो. ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ मोड असेल तर तेवढं एक बटण पुरेल.

बिल मरी पुटपुटतात, तेव्हा इंग्रजी सबटायटल लावायला संकोच नको. मात्र जपानी संवादांचंही भाषांतर दाखवणारी सबटायटल असतील तर ती टाळा किंवा जाहिरातीच्या प्रसंगापुरती बंद करा. डब केलेली आवृत्ती तर अजिबात नको. सगळे एकाच भाषेत बोलायला लागले तर उरलं काय?

मोबाइलच्या स्पीकरवर हा सिनेमा मरतो. साधे इअरफोन चालतील. आणि मध्ये थांबवू नका. बॉब आणि शार्लट नीट बोलायला लागतात तेच साधारण अर्ध्या तासाने, आणि त्याआधीचा कंटाळा वाया गेलेला नसतो. हप्त्याहप्त्याने बघणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा इथेच उगम पावते.

पहिल्यांदा बघताना काही शोधू नका. दुसऱ्यांदा बघितलात तर फक्त हातांकडे बघा: कोण कोणाला कधी स्पर्श करतं आणि किती वेळ. कराओकेच्या खोलीबाहेर गुलाबी केसांचा टोप घातलेली शार्लट बॉबच्या खांद्यावर डोकं टेकते, तिथून पुढे हे मोजायला सोपं जातं.

आणि कराओकेची रात्र संपली तरी काहीच पोचत नसेल, तर खुशाल बंद करा. पुढे कथानक वेग घेईल, काहीतरी उलगडेल, असं होणार नाही. सिनेमा शेवटपर्यंत याच चालीने चालतो.